घडण एकाची, चव दुसऱ्याची: घरच्या घरी शाकाहारी फ्यूजन

फ्यूजन पदार्थ बहुतेक वेळा फसतो तो अतिउत्साहामुळे. पास्त्यात गरम मसाला, त्यावर सोया सॉस, वर चीज आणि शेवटी हिरवी चटणी. मग खाणाऱ्याला कसलीच चव नीट लागत नाही. त्यापेक्षा पदार्थाची घडण एका पद्धतीची ठेवा आणि दुसऱ्या पद्धतीतून एकच मोठी गोष्ट आणा: एखादी ग्रेव्ही, फोडणी, सॉस किंवा शिजवण्याची रीत. दोन ओळखीच्या चवी एका घासात भेटाव्यात आणि तरी दोन्ही ओळखू याव्यात, सगळी गंमत तिथेच आहे.

सुरुवातीला मखनी पास्ता करून पाहा. टोमॅटो आणि लोणी या दोन्ही गोष्टी दोन्हीकडे चालतात, त्यामुळे तो सहसा बिघडत नाही.

तीन जणांसाठी २५० ग्रॅम पेने (नळीच्या आकाराचा पास्ता), ५०० ग्रॅम पिकलेले लाल टोमॅटो, एक मध्यम कांदा, लसणाच्या ५-६ पाकळ्या, इंचभर आले, १२-१५ काजू, ३० ग्रॅम लोणी, एक मोठा चमचा तेल, दीड छोटा चमचा काश्मिरी मिरचीपूड, एक छोटा चमचा कसुरी मेथी, ६० मिलि क्रीम आणि १५० ग्रॅम पनीर घ्या. खड्या मसाल्यात दोन वेलदोडे, दोन लवंगा आणि दालचिनीचा छोटा तुकडा पुरे.

तेल आणि निम्मे लोणी तापवून खडा मसाला टाका. वास सुटला की कांदा, आले, लसूण आणि काजू घालून कांदा मऊ होईपर्यंत परता. तो लाल करू नका, नाहीतर ग्रेव्हीचा रंग तपकिरी होतो. आच मंद करून मिरचीपूड घाला आणि पंधरा-वीस सेकंदांत चिरलेले टोमॅटो टाका. मिरचीचा रंग तेलात उतरतो, म्हणून ती टोमॅटोच्या आधी घालायची; पण जास्त वेळ राहिली तर करपून कडू होते. झाकण ठेवून १५ मिनिटे शिजवा. गार झाल्यावर खडा मसाला काढून मिक्सरमध्ये वाटा आणि गाळून घ्या. गाळण्याचा कंटाळा करू नका. भातात लवंग दिसते आणि बाजूला काढता येते. पेनेच्या नळीत शिरलेला तुकडा मात्र थेट दाताखाली येतो.

गाळलेली ग्रेव्ही मंद आचेवर ठेवा आणि दुसरीकडे अडीच लिटर पाण्यात २५ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड मोठा चमचा, मीठ घालून पास्ता उकळा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधीच तो काढा. उरलेला ग्रेव्हीत शिजू द्या, म्हणजे चव आतपर्यंत जाते. निथळण्याआधी कपभर पाणी बाजूला काढायला विसरू नका. त्यात उतरलेल्या स्टार्चमुळे लोणी आणि पाणी एकजीव होतात आणि सॉस पास्त्याला धरून राहतो. हे पाणी खारट असते, म्हणून ग्रेव्हीत आधी नेहमीच्या निम्मेच मीठ घाला.

पास्ता ग्रेव्हीत टाकून थोडे थोडे पाणी घालत दोन मिनिटे हलवा. गॅस अगदी मंद करून क्रीम, उरलेले लोणी आणि तळहातावर चुरडलेली कसुरी मेथी घाला. टोमॅटो आंबट असतात, त्यामुळे मोठ्या आचेवर क्रीम फुटण्याची भीती असते. आंबटपणा टोचत असेल तर अर्धा छोटा चमचा साखर पुरते. पनीर तव्यावर दोन बाजूंनी सोनेरी करून वरून घाला. ताटात वाढताना सॉस थोडा सैलच हवा, कारण पास्ता पाणी शोषत राहतो.

पनीर सोनेरी करण्यामागे कारण आहे. आंबट घालून फाडलेल्या दुधाचे पनीर तापवल्यावर मोझरेलासारखे वितळत नाही. म्हणून पिझ्झ्यावर नुसते पनीर टाकले तर पांढरे, कोरडे तुकडे राहतात. मसाला लावून आधी परता आणि वितळण्याचे काम मोझरेलाला करू द्या.

दुसरा प्रयोग बराच हलका आहे: मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट, घातलेले मुगाच्या डाळीचे सूप. १० ग्रॅम कोंबू हे वाळवलेले समुद्री शेवाळ एक लिटर गार पाण्यात अर्धा तास भिजवा, मग मंद आचेवर तापवा आणि उकळी फुटायच्या आत ते काढून टाका. उकळले तर पाण्याला कडवटपणा आणि बुळबुळीतपणा येतो. या पाण्यात १०० ग्रॅम मूगडाळ अगदी मऊ शिजवून घोटा. गॅस बंद केल्यावर दोन मोठे चमचे मिसो वाटीभर सूपमध्ये कालवून घाला. उकळत्या सूपमध्ये मिसोचा वास उडून जातो. वरून तिळाच्या तेलात आले आणि पातीच्या कांद्याची फोडणी द्या. मीठ घालायचेच असेल तर चव पाहून, सगळ्यात शेवटी. मिसो मुळातच खारट असतो. सोया सॉसलाही हेच लागू: एका मोठ्या चमच्यात साधारण अडीच ग्रॅम मीठ असते.

दही घालून ग्रेव्ही करायची असेल तर कपभर दह्यात छोटा चमचा बेसन फेटून घ्या आणि उकळी येईपर्यंत हलवत राहा. बेसनाने दही फुटत नाही. टॉर्टियात (मेक्सिकन पोळीत) भाजी किंवा राजमा भरताना सारण चमच्यात गोळा राहील इतके आटवा, आणि टॉर्टिया कोरड्या तव्यावर भाजून लगेच भरा. टोफू वापरत असाल तर जड वस्तूखाली २० मिनिटे दाबून पाणी काढा, कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवा आणि मग तळा. पाणी राहिले तर तो कधीच कुरकुरीत होत नाही आणि तेलही उडते.

बाटल्या-पाकिटांवरची घटकांची यादी दर वेळी वाचा, कारण शाकाहारी स्वयंपाकात इथेच फसगत होते. वूस्टरशायर सॉसमध्ये पारंपरिक कृतीनुसार अँकोव्ही मासा असतो. थाई करी पेस्टमध्ये बहुधा कोळंबीची पेस्ट असते, तर किमचीत (कोरियन आंबवलेल्या कोबीत) अनेकदा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी. पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, बनते. त्याऐवजी सूक्ष्मजीवजन्य रेनेट लिहिलेले कठीण चीज घ्या. कालवांपासून बनणाऱ्या ऑइस्टर सॉसची जागा मशरूमचा सॉस चांगली भरून काढतो.

मखनी पास्ता उरला तर फ्रिजमध्ये घट्ट होतो. तो मायक्रोवेव्हमध्ये कोरडा गरम न करता पसरट भांड्यात दोन-तीन मोठे चमचे दूध किंवा पाणी घालून मंद आचेवर हलवा. सॉस पुन्हा सैल होतो.