पहिलं क्षेत्रकार्य: या चुका टाळा

मानवशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या क्षेत्रकार्याला, म्हणजे लोकांमध्ये राहून करायच्या अभ्यासाला, बहुधा प्रश्नावली घेऊन जातो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ‘तुमच्यात भांडणं कशी मिटवतात?’ असं विचारलं की रीत कळते, प्रत्यक्षात काय घडतं ते नाही. ‘मागचं भांडण कशावरून झालं, मध्ये कोण पडलं?’ असं विचारा. बोलणं भरकटेल, भरकटू द्या. उत्तरं तुटक येत असतील तर काही दिवस प्रश्न बंद ठेवून लोकांच्या कामाला हात लावा.

याहून महागात पडतं ते सांगितलेलं न पडताळणं. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ नेपोलियन शॅग्नन १९६४ मध्ये व्हेनेझुएलातल्या यानोमामी या आदिवासी लोकांकडे गेला आणि वंशावळी लिहू लागला. तिथे एखाद्याचं नाव उघडपणे घेणं म्हणजे अपमान. लोकांनी त्याला खोटी, अचकट-विचकट नावं सांगितली आणि तो ती इमानेइतबारे टिपत राहिला. काही महिन्यांनी दुसऱ्या गावात त्याने पहिल्या गावाच्या प्रमुखाच्या बायकोचं ‘नाव’ घेतलं, तेव्हा हशा पिकला. तोवरच्या वंशावळी बाद. पुढे तो एका गटाची नावं त्यांच्याशी न पटणाऱ्यांकडून काढू लागला. युक्ती चालली, पण मला ती पटत नाही. लोक नावं का लपवतात, हीच तिथली मोठी माहिती नव्हती का? विसंगत उत्तरं मिळाली तर खरं कोणतं हे ठरवायची घाई करू नका. कोण काय सांगतं आणि कोणासमोर, तेही लिहा.

टिपणं त्याच दिवशी पूर्ण करा. पाहिलेलं, ऐकलेलं आणि स्वतःचा अर्थ वेगवेगळा ठेवा. चिडचिड, एकटेपणा यांसाठी निराळी वही असावी. क्षेत्रकार्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक मानवशास्त्रज्ञ, मॅलिनोव्स्की, यानेही अशी खासगी डायरी लिहिली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर, १९६७ मध्ये छापली गेली आणि खळबळ उडाली. तेव्हा वही जपून ठेवा!

विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. विसर पडतो तो पुढे. संमतिपत्रावर सही केलेला माणूस नंतर नको म्हणाला, तर त्याचा मजकूर वगळायचा. आणि नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं नाही: वस्तीत सुईण एकच असेल, तर ‘एक सुईण म्हणाली’ एवढ्यानेही ती उघडी पडते. अशा वेळी व्यवसायही बदला किंवा तो तपशील गाळा.