एडमंटनचा पहिला हिवाळा: ट्रकची बॅटरी ऑक्टोबरमध्येच बघून घ्या

इथे कॅनडात नवीन आलेली मंडळी जॅकेट कुठलं घ्यायचं, बूट कुठले, हे भरपूर विचारतात. जुना पिकअप ट्रक घेतला की टायरचंही विचारतात. बॅटरीचं मात्र कुणी नाव काढत नाही. मग जानेवारीत पारा उणे तिशीत गेला की सकाळी सकाळी फोन येतो, ‘अहो, सेल्फच लागत नाहीये, नुसतं टक-टक होतंय.’ त्या दिवशी करण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. टोइंगवाल्यांकडे तासन् तास रांग असते आणि दुकानात तुमच्या मापाची बॅटरी मिळेलच असं नाही. म्हणून हे पानगळीतच वाचा.

बॅटरी खरी झिजते ती उन्हाळ्यात. बॉनेटखालच्या उष्णतेनं आतल्या प्लेटा गंजतात, पाणी उडतं. थंडी फक्त ते उघडं पाडते. लेड-अ‍ॅसिड बॅटरीची ताकद शून्य अंशाला साधारण दोन तृतीयांश उरते, उणे १८ ला निम्म्याहून कमी. त्यात इंजिन ऑइल काकवीसारखं दाट होतं, म्हणजे ताकद कमी आणि काम जास्त. सप्टेंबरपर्यंत बिनतक्रार चाललेली बॅटरी जानेवारीत अचानक गेल्यासारखी वाटते ती यामुळे. हवामानाच्या अ‍ॅपवर ‘जाणवते उणे ४२’ असं दिसलं तरी बॅटरीला त्याचं सोयरसुतक नाही. वाऱ्यानं ती लवकर गार होते इतकंच, खऱ्या तापमानाच्या खाली जात नाही. तुम्ही मात्र जाणवणाऱ्या आकड्याप्रमाणेच कपडे घाला.

ऑक्टोबरमध्ये काय करायचं? आधी बॅटरीवरची तारीख शोधा. पाच वर्षांच्या पुढची असेल तर चालतेय तोवर चालवू, हा आपला बाणा इथे सोडून द्या. मग साधा मल्टीमीटर घ्या आणि ट्रक रात्रभर उभा राहिल्यावर, बंद असताना मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. पण व्होल्टेज चांगलं दिसूनही भार आला की कोलमडणाऱ्या बॅटऱ्या असतात, त्यामुळे सुट्या भागांच्या दुकानात लोड टेस्ट करून घ्या. बऱ्याच ठिकाणी फुकट करून देतात. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं घासून काढा आणि क्लॅम्प हातानं हलत नाही ना, ते बघा.

नवीन घ्यायची झाली तर लेबलवर ‘सीसीए’चा आकडा बघा. उणे १८ अंशांत ७.२ व्होल्टच्या खाली न जाता ३० सेकंद किती अँपिअर देता येतील, त्याचा तो आकडा. मॅन्युअलमध्ये दिला असेल तेवढा किंवा त्याहून जास्त घ्या, कमी कधीच नको. डिझेल ट्रकमध्ये बहुधा दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतात. त्या जोडीनंच बदला, नाहीतर जुनी नवीला खाली ओढते.

पुढच्या जाळीतून लोंबणारी प्लगची वायर ही ब्लॉक हीटरची. अनेकांना वाटतं त्यानं बॅटरी चार्ज होते. तसं काही होत नाही. तो इंजिनातलं कूलंट गरम करतो, इंजिन हलकं फिरतं, म्हणून बॅटरीवरचा भार कमी होतो. बॅटरी स्वतः गारच राहते. तिच्यासाठी वेगळं गरम करणारं ब्लँकेट किंवा ट्रिकल चार्जर (हळूहळू चार्ज करत राहणारा) मिळतो, आणि ट्रक उघड्यावर राहत असेल तर तो खर्च मला तरी योग्य वाटतो. हीटर चालू आहे का, हे बघायची युक्ती सोपी आहे: थंड इंजिनाला प्लग लावा, कान द्या, काही क्षणांत आतून बारीक सूं-सूं आवाज येतो. आवाज आला नाही तर मल्टीमीटरनं प्लगच्या दोन चपट्या पिनांमधला रोध मोजा. १२० व्होल्टवरच्या ४०० वॉटच्या हीटरला तो ३६ ओहमच्या आसपास येतो. काहीच आलं नाही तर वायर तुटलीय किंवा हीटर गेलाय.

उणे १५ च्या खाली गेलं की प्लग लावायचा. रात्रभर नको, निघण्याआधी तीन-चार तास पुरतात, म्हणून बाहेर चालणारा टायमर घ्या. बिल वाचतं ते आहेच, शिवाय १३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी विजेची मागणी इतकी चढली होती की वीज जपून वापरा म्हणून अल्बर्टा प्रांतभर मोबाईल वाजले. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर मॅनेजरला विचारा की पार्किंगमधल्या सॉकेटला वीज सतत असते की आलटूनपालटून, आणि ती कधी सुरू करतात.

घर ते टिम हॉर्टन्सचं कॉफीचं दुकान आणि परत, एवढाच प्रवास असेल तर बॅटरी भरत नाही. गार बॅटरी चार्ज हळू घेते, आणि सीट हीटर, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर मिळेल ते खाऊन टाकतात. आठवड्यातून एकदा तरी अँथनी हेन्डे रिंग रोडला अर्धा-पाऊण तास ट्रक पळवा.

तरी बसलीच, तर चार पोरं गोळा करून धक्का मारायचा विचार मनातही आणू नका, ऑटोमॅटिक गिअरवर तो उपाय चालत नाही. दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीला जोडून सेल्फ मारायचा, त्यासाठी जम्पर केबल जाड घ्या, गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. लाल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी चांगलीच्या मायनसला आणि शेवटचं टोक तुमच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. तिथे ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. दहा मिनिटं दम धरा, मग सेल्फ मारा.

त्याआधी बॅटरीच्या बाजू नीट बघा. पूर्ण भरलेली बॅटरी इथल्या थंडीत गोठत नाही, पण उतरलेली उणे दहाच्या आसपासच गोठू शकते. डबा फुगलेला किंवा चिरलेला दिसला तर केबल लावूच नका, फुटू शकते. सरळ बदला. लिथियमचा जम्प पॅक (दुसऱ्या गाडीशिवाय सेल्फ मारून देणारी छोटी बॅटरी) असेल तर तो रात्री घरात ठेवा, ट्रकमध्ये पडून राहिला तर ऐन वेळी तोच गारठलेला निघतो.

जुनी बॅटरी टाकून देऊ नका. नवीन घेताना बिलात ‘कोअर’ नावाचं डिपॉझिट लावतात, जुनी परत केली की ते मिळतं. काही नव्या ट्रकमध्ये बॅटरी बदलल्याचं गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावं लागतं. ते दुकानातच करून देतात का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.