रोबोटिक्स स्पर्धेत कोणाच्या गळ्यात कोणता बिल्ला असावा

विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धेत संघातील प्रत्येकाला सगळीकडे जाता येत नाही. प्रेक्षकांची गॅलरी, दुरुस्तीसाठी संघांना दिलेली पिटची जागा, प्रत्यक्ष मैदान आणि परीक्षकांची खोली या चार ठिकाणी वेगवेगळ्या लोकांना प्रवेश असतो, आणि दारावरचा स्वयंसेवक चेहरा पाहून नव्हे, तर बिल्ला पाहून आत सोडतो. सोलापुरातून स्पर्धेला निघणारे शाळा-महाविद्यालयांचे संघ यंत्रावर कित्येक महिने राबतात, परंतु मैदानात कोण उभे राहणार हा प्रश्न मात्र पुष्कळदा हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसल्यावर सोडवायला घेतात. अशा घाईत नावे ठरतात ती ज्येष्ठतेवरून किंवा मैत्रीवरून. बिल्ले कामावरून वाटले गेले पाहिजेत, आणि ते काम स्पर्धेच्या बरेच आधी ठरवावे लागते.

पहिली पायरी नियमपुस्तक वाचण्याची आहे, कारण प्रत्येक स्पर्धेत माणसांचे गणित वेगळे असते. दूरदर्शनमुळे आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना परिचित असलेल्या रोबोकॉनमध्ये अनेक वर्षे चालत आलेली रचना अशी आहे: ३ विद्यार्थी संघसदस्य म्हणून, १ प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून आणि आणखी ३ विद्यार्थी पिट क्रू, म्हणजे पिटमधील मदतनीस, म्हणून. कार्यशाळेत वीस-पंचवीस मुलांनी काम केले असले, तरी यंत्राजवळ जाणारे हात इतकेच. फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये मैदानालगत जास्तीत जास्त ४ जण थांबतात: यंत्र चालवणारे २ ड्रायव्हर, खेळाचे साहित्य हाताने हाताळणारा १ ह्यूमन प्लेअर आणि १ ड्राइव्ह कोच. यांतील कोच सूचना देऊ शकतो, पण कंट्रोलरला हात लावू शकत नाही. लहान वयाच्या मुलांच्या फर्स्ट लेगो लीगमध्ये संघ १० मुलांपर्यंत असू शकतो, परंतु अडीच मिनिटांच्या फेरीत टेबलापाशी एका वेळी मोजकेच जण असतात आणि बाकीची मुले ठरवून दिलेल्या जागी थांबून आळीपाळीने त्यांची जागा घेतात. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडचा संघ तर २ किंवा ३ जणांचाच असतो, आणि प्रत्यक्ष बांधणीच्या व सरावाच्या वेळेत मार्गदर्शकाला मुलांच्या जागेत पाऊल टाकता येत नाही. हे आकडे पाठ करून ठेवू नयेत. त्या वर्षीचे नियमपुस्तक उतरवून घ्यावे आणि संघरचनेचे पान छापून कार्यशाळेच्या भिंतीवर लावावे.

त्यानंतर नावांना हात न लावता कामांची यादी करावी. रोबोकॉनचे उदाहरण घेऊ. सामना ३ मिनिटांचा असतो आणि त्याआधी यंत्रे जागेवर लावण्यासाठी साधारण १ मिनिट मिळते. या एका मिनिटात यंत्र उचलून आणणे, सुरुवातीच्या चौकटीत नेमके ठेवणे, बॅटरीची जोडणी तपासणे, दाबाखालील हवा वापरत असाल तर गेज पाहणे, कंट्रोलर जोडला गेल्याची खात्री करणे आणि पंचांना तयार असल्याची खूण करणे एवढी कामे उरकायची असतात. ही कामे कागदावर एकाखाली एक लिहून प्रत्येकासमोर लागणारे सेकंद घड्याळ लावून मांडले, की कोणते काम कोणाच्या हाती द्यावे हे जवळजवळ आपोआप दिसू लागते. यंत्राची रचना ज्याने केली तोच ते मैदानात उत्तम चालवील असे गृहीत धरू नये. रचनाकाराला यंत्राचे दुखणे लवकर कळते, म्हणून त्याची खरी गरज पिटमध्ये असते. ड्रायव्हर म्हणून असा विद्यार्थी निवडावा, जो चूक झाल्यावर मागे वळून पाहत नाही आणि गोंगाटातही एकाच आवाजाकडे कान ठेवू शकतो.

तो एक आवाज कोणाचा, हेही ठरवून टाकावे. आपल्या सोलापुरात एकाच संघातील मुलांच्या घरी मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी अशा चार भाषा बोलल्या जातात, आणि ताण वाढला की प्रत्येकाच्या तोंडी घरची भाषा येते. म्हणून सामन्यातील आठ-दहा आज्ञा आधीच निश्चित कराव्यात, त्या एकेका शब्दाच्या असाव्यात, आणि ‘डावीकडे’ म्हणजे यंत्राची डावी बाजू की ड्रायव्हरची, याचा निर्णय पहिल्याच सरावात लावावा. यंत्र ड्रायव्हरकडे तोंड करून उभे असते, तेव्हा या दोन बाजू नेमक्या उलट होतात, आणि तिथेच गुण निसटतात.

प्रत्येक भूमिकेसाठी एक मुख्य आणि एक पर्यायी नाव असावे. पर्यायी व्यक्तीनेही पूर्ण सराव केलेला असला पाहिजे. यादीत नुसते नाव असून भागत नाही. दहावी-बारावीची मुले असतील तर तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षांच्या तारखा, आणि महाविद्यालयीन संघ असेल तर विद्यापीठाचे वेळापत्रक या यादीशेजारी ठेवूनच नावे भरावीत. ऐन वेळी एकाच विद्यार्थ्याला दोन ठिकाणी बोलावणे येऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे. मैदानावर सामना चालू असताना परीक्षक पिटमध्ये येऊन रचनेविषयी विचारू लागतात, म्हणून यंत्र समजावून सांगणारा निदान एक जण मैदानाच्या पथकाबाहेरचा असलाच पाहिजे. प्रतिस्पर्धी संघांचे खेळ पाहून नोंदी ठेवणाऱ्यांना गॅलरीतच बसायचे असते. त्यांना पिटचा बिल्ला देऊन एक जागा वाया घालवू नये, आणि त्यांचे काम कमी प्रतीचे आहे अशी भावनाही होऊ देऊ नये. पुढचा सामना कसा खेळायचा हे ठरते ते त्यांच्याच वहीवरून.

नावनोंदणीचा तपशील भरताना सर्वाधिक काळजी नावाच्या स्पेलिंगची घ्यावी लागते. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड घरांतील आडनावे इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. येमूल किंवा गाजूल या आडनावांचा शेवट आधार कार्डावर एका प्रकारे, तर महाविद्यालयाच्या आय-कार्डावर दुसऱ्या प्रकारे लिहिलेला सापडतो. आयोजक ज्या कागदावरून पडताळणी करणार आहेत, त्यावरील स्पेलिंगच अर्जात जसेच्या तसे भरावे. छायाचित्र अलीकडचे असावे. आय-कार्ड, बोनाफाइड प्रमाणपत्र आणि लहान मुलांसाठी पालकांचे संमतिपत्र यांच्या प्रती एका फाइलमध्ये ठेवून ती फाइल एकाच व्यक्तीकडे सोपवावी. मुलींचा सहभाग असेल तर सोबतच्या शिक्षिकेचे नाव सुरुवातीपासूनच अर्जात असावे, कारण जागेवर गेल्यावर मोठ्या माणसांचे बिल्ले वाढवून मिळत नाहीत.

बिल्ला गळ्यात अडकवण्याविषयीही सांगणे आवश्यक आहे, कारण येथे प्रश्न सुरक्षेचा आहे. दोरीला लटकणारे कार्ड ड्रिल मशीन, ग्राइंडर किंवा फिरत्या चाकावर वाकलेल्या मुलाच्या मानेपाशी ओढले जाऊ शकते. काम करताना दोरी शर्टाच्या आत घालावी, अथवा ओढ बसताच सुटणारी कडी असलेली दोरी वापरावी. आयोजकांची परवानगी असेल तर क्लिपने छातीवर लावलेला बिल्ला उत्तम. ओढणी, मोकळे केस आणि सैल बाह्या यांनाही हाच नियम लागू होतो. पिटमध्ये डोळ्यांवर सुरक्षा-चष्मा आणि पायात बंद बूट असावेत. बॅटऱ्यांचे काम एकाच व्यक्तीकडे द्यावे: कोणती भरलेली, कोणती वापरलेली, कोणती गरम झाली, याची नोंद तिनेच ठेवावी. लिथियम पॉलिमर बॅटरी चार्जिंगला लावून कोणीही जागा सोडू नये, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. हा बॅटरीवाला विद्यार्थी पिटच्या बिल्ल्याचा पहिला हक्कदार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी सगळी व्यवस्था खोटे बिल्ले घालून करून पाहावी. महाविद्यालयाच्या व्यायामशाळेत किंवा शाळेच्या सभागृहात चिकटपट्टीने मैदान, पिट आणि गॅलरी आखावी, पुठ्ठ्याचे बिल्ले करावेत आणि यंत्राशी संबंध नसलेल्या दोन विद्यार्थ्यांना दारावर उभे करावे. बिल्ला नसलेल्याने कितीही आर्जव केले, अगदी सर स्वतः आले, तरी त्यांनी आत सोडायचे नाही. अशा अर्ध्या दिवसात कळते की स्क्रू-ड्रायव्हरचा डबा आत न्यायला कोणाकडेच बिल्ला नव्हता, किंवा कोड बदलणारी मुलगी गॅलरीत अडकली आणि लॅपटॉप पिटमध्ये राहिला. यादी दुरुस्त करायला तेव्हा वेळ हातात असतो.

सोलापुरातच एखादी स्पर्धा भरवायची असेल, तर बिल्ल्यांचे प्रकार चारपेक्षा जास्त करू नयेत. प्रत्येक प्रकाराला वेगळा रंग द्यावा आणि त्यासोबत मोठे अक्षरही छापावे, कारण काहींना लाल-हिरवा फरक कळत नाही. कार्डाच्या दोन्ही बाजूंना मजकूर एकच असावा. दोरीवर कार्ड उलटे फिरतेच. मुलांचे फोन नंबर आणि जन्मतारखा बिल्ल्यावर छापू नयेत. नाव, संघ आणि भूमिका पुरेशी आहे. दारावरच्या स्वयंसेवकाला नमुना बिल्ल्यांचा एक तक्ता द्यावा आणि वाद झाल्यास कोणाला बोलवायचे ते त्यावरच लिहावे.

काही स्पर्धांत मैदानाचा बिल्ला भूमिकेचा असतो आणि दोन सामन्यांमध्ये तो संघातील दुसऱ्या सदस्याला देता येतो. काहींत तो नावाचा असतो आणि हस्तांतर केल्यास संघावर कारवाई होते. आपला प्रकार कोणता ते नोंदणीच्या टेबलावरच विचारून घ्यावे. बिल्ला हरवला तर दुसऱ्याचा घालून आत जाण्याचा मोह टाळावा आणि आय-कार्ड घेऊन थेट नोंदणी टेबल गाठावे. रात्री मुक्कामी परतल्यावर सगळे बिल्ले मोजून कागदपत्रांच्या फाइलसोबत ठेवावेत आणि सकाळी निघताना दारातच ज्याचे त्याला द्यावेत.