हिस्पॅनिक सल्लार्थींचे समुपदेशन: होकारामागचा अर्थ कसा ओळखावा

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत सुमारे ६ कोटी २१ लाख लोकांची नोंद हिस्पॅनिक किंवा लॅटिनो, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत किंवा लॅटिन अमेरिकेत मुळे असलेले, म्हणून झाली, पण या एका शब्दात अनेक इतिहास सामावलेले आहेत. प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातील कॅरिबियन बेटावर जन्मलेली व्यक्ती १९१७ च्या कायद्यामुळे अमेरिकेची नागरिक असते. एल साल्वादोरमधील १९८० ते १९९२ च्या यादवीतून निसटलेल्या कुटुंबाचे भय वेगळे असते. आणि टेक्ससमधील काही घराणी तेथे अमेरिकेची सत्ता येण्यापूर्वीपासून राहत आहेत. म्हणून मूळ देश, पिढी आणि घरात बोलली जाणारी भाषा यांची विचारपूस आधी करावी. वास्तव्याच्या कायदेशीर स्थितीविषयी मात्र पहिल्याच भेटीत विचारू नये. त्याऐवजी गोपनीयता म्हणजे काय आणि नोंदी कोणाला दिसतात, हे स्वतःहून सांगावे.

स्पॅनिशमध्ये बोलत असाल तर प्रौढ व्यक्तीशी ‘उस्तेद’ या आदरार्थी सर्वनामानेच सुरुवात करावी. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील अंतर मराठी वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही. वय, नाते आणि अधिकार यांचा मान राखणाऱ्या या मूल्याला ‘रेस्पेतो’ म्हणतात. त्याच्या जोडीला ‘पेर्सोनालिस्मो’ असतो, म्हणजे पदापेक्षा माणसाशी जुळलेल्या नात्याला दिलेले महत्त्व. त्यामुळे पहिली काही मिनिटे प्रवासाच्या किंवा मुलाबाळांच्या गप्पांत गेली, तर तो वेळ वाया गेला असे मानू नये, कारण ‘कोन्फियान्सा’, म्हणजे मोकळेपणाने बोलता येईल असा विश्वास, बहुधा तेथेच रुजतो.

माझ्या मते सर्वांत जास्त चूक होते ती होकार ऐकताना. संबंधांत कटुता येऊ न देण्याच्या वृत्तीला ‘सिम्पातिया’ म्हणतात, आणि समुपदेशकाविषयीचा आदर तिच्यात मिसळला की सल्लार्थी प्रत्येक सूचनेला हसून ‘सी’, म्हणजे ‘हो’, म्हणतो, पण पुढच्या भेटीला येत नाही. याला लगेच प्रतिकार किंवा अप्रामाणिकपणा म्हणणे घाईचे ठरेल. ‘हे पटते का?’ या प्रश्नाला आदरयुक्त उत्तर एकच असते. त्याऐवजी ‘हे घरी करून पाहिले तर अडचण कुठे येईल?’ किंवा ‘तुमच्या आईला हे कसे वाटेल?’ असे विचारावे, म्हणजे समोरच्याचा मान न दुखावता नकार देण्याची वाट मोकळी होते.

आईचा उल्लेख सहज केलेला नाही. ‘फामिलिस्मो’, म्हणजे कुटुंबाशी असलेली निष्ठा आणि परस्परांचा आधार, हे अनेकांच्या निर्णयांचे केंद्र असते, आणि या कुटुंबात आजी, मावशी तसेच बाप्तिस्म्यातून जोडले गेलेले ‘कोम्पाद्रे’ही येतात. आईवडिलांसाठी दुभाषी होणारी आणि भावंडांना सांभाळणारी थोरली मुलगी दूरचे महाविद्यालय नाकारते, तेव्हा तिला परावलंबी ठरवण्याआधी या जबाबदारीतून तिला काय मिळते आणि त्यासाठी तिला काय सोडावे लागते, या दोन्ही गोष्टी तिच्याकडूनच ऐकाव्यात. याउलट, कुटुंबाच्या एकोप्याचे कौतुक करताना घरातील हिंसेकडे डोळेझाक होणार नाही याचीही दक्षता घ्यावी. नातेवाइकांना बोलावण्यापूर्वी सल्लार्थीशी एकांतात बोलून संमती घ्यावी.

‘माचिस्मो’, म्हणजे पुरुषाने कसे असावे याची पारंपरिक कल्पना, हा शब्द जपून वापरावा. त्यात वर्चस्व येते, तसे कुटुंबाचा भार उचलण्याचा अभिमानही येतो; संशोधक या दुसऱ्या बाजूला ‘काबाय्येरिस्मो’ म्हणतात.

दुःख सांगण्याची भाषाही निराळी असू शकते. अनावर रडणे, ओरडणे, थरथर, छातीतून डोक्याकडे चढणारी उष्णता अशा रूपात येणारा ‘आताके दे नेर्व्हियोस’ २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकन निदान-ग्रंथात, सांस्कृतिक संकल्पना म्हणून नोंदलेला आहे, आणि तो पॅनिक अटॅकच असतो असे नाही. त्याच ग्रंथातील १६ प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत येथे उपयोगी पडते. ‘सी दिओस किएरे’, म्हणजे देवाची इच्छा असेल तर, हे उद्गार हताशपणाचेच असतील असे गृहीत धरू नये.

दुभाषी लागल्यास प्रशिक्षित व्यक्ती घ्यावी. मुलांकडून हे काम करून घेऊ नये, कारण आईची व्यथा मुलाच्या तोंडून वदवल्याने दोघांचीही कोंडी होते. बोलताना नजर दुभाष्याकडे नव्हे, तर सल्लार्थीकडे असावी, आणि वस्ती लहान असेल तर हा दुभाषी त्याच्या ओळखीचा आहे का, हे भेट ठरवतानाच विचारावे.