ऑफ-रोड गाडीत नवं फ्लोअरिंग आणि साउंड डेडनिंग (आवाज कमी करणारे थर) कसं बसवायचं

ऑफ-रोड गाडीत पाणी शिरणार, हे धरूनच काम सुरू करावं. ओढा ओलांडताना दाराच्या रबरातून शिरेल, चिखलाच्या बुटांबरोबर येईल, नाहीतर छत उघडं असताना सर येऊन जाईल. साध्या मोटारीत जे सामान वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं, तेच इथं पाणी धरून बसतं आणि खालचा पत्रा हळूहळू खातं. म्हणून प्रत्येक थर निवडताना आधी एवढंच बघायचं: भिजला तर तो उचलून वाळवता येतो का? आवाजाचा विचार त्यानंतर.

आधी आवाज ओळखा

गाडीतला आवाज दोन वाटांनी येतो. एक म्हणजे पत्र्याची थरथर. इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांची कंपनं चॅसीतून बॉडीत चढतात आणि पातळ, सपाट पत्रा ढोलासारखा वाजतो. दुसरा आवाज थेट हवेतून येतो: मोठ्या खाचांच्या टायरची घरघर, ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीची) शिट्टी, दारांच्या फटीतला वारा. पहिल्यावर चालणारा इलाज दुसऱ्यावर चालत नाही. दोन्हींसाठी एकच शीट थरावर थर चिकटवत बसणं ही या कामातली सगळ्यात सर्रास होणारी आणि वजनाला महागात पडणारी चूक आहे.

सामान आणण्याआधी तीन गोष्टी तपासा. बॉडी आणि चॅसी यांच्यातले माउंट रबर चिरले किंवा दबले असतील, तर आत काहीही लावा, थरथर येतच राहील. सायलेन्सरची लटकती रबरं तशीच पाहा. मग दाराच्या चौकटीत कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. ती सहज निसटली तर तिथं रबर दाबत नाही. नवं रबर घातल्यावर जो फरक पडेल, तो फ्लोअरवरच्या कुठल्याच थरानं पडणार नाही.

काय आणि किती

थरथरीसाठी ॲल्युमिनियमचं आवरण असलेली ब्यूटाइल रबराची चिकट शीट, साधारण 2 मिमी जाडीची. पत्रा हलतो तेव्हा पत्रा आणि ॲल्युमिनियम यांच्यामधलं रबर ताणलं-पिळलं जातं आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत जिरते. हे काम सपाट भागाच्या मध्यावर होतं. त्यामुळं पत्रा पूर्ण झाकायची गरज नसते, 25 ते 50 टक्के भाग पुरतो. डांबराच्या स्वस्त शीट टाळाव्यात. त्या उन्हात वास मारतात आणि मऊ पडतात, थंडीत तडकतात, आणि एक्झॉस्टच्या वरच्या भागात तर घसरतातच.

हवेतल्या आवाजासाठी वजन लागतं आणि सलगपणा लागतो. त्यासाठी मास लोडेड व्हायनिल, म्हणजे जड भुकटी भरलेली लवचिक शीट वापरतात. तिचं वजन चौरस मीटरला सुमारे 5 किलो असतं. ती पत्र्याला थेट टेकू द्यायची नाही. मध्ये 6 मिमी क्लोज्ड सेल फोम घालायचा. या फोमची छिद्रं एकमेकांशी जोडलेली नसल्यानं तो पाणी पीत नाही. स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा फोम, नमदा आणि तागाचं अस्तर हे ऑफ-रोड गाडीच्या फ्लोअरवर आणूच नयेत. वरून कोरडे वाटतात, आणि खाली आठवडेच्या आठवडे ओल धरून असतात.

मोजमाप स्वतःच्या गाडीचंच घ्या. समजा फ्लोअर, फायरवॉलचा (इंजिन आणि आतली जागा यांच्यामधल्या पत्र्याचा) खालचा भाग आणि मागच्या चाकांच्या कमानी मिळून 5 चौरस मीटर भरले. ब्यूटाइल अर्ध्या भागाला, म्हणजे 2.5 चौरस मीटर, अंदाजे 8 किलो. मास लोडेड व्हायनिल पूर्ण भागाला, 25 किलो. फोमचं वजन नगण्य. एकूण 33 किलोच्या आसपास. तेवढंच वजन ब्यूटाइलचे दोन पूर्ण थर लावूनही होतं, पण टायरची घरघर मात्र बरीचशी तशीच राहते. कापाकापीसाठी 10 टक्के सामान जास्तीचं धरा.

गाडी उघडताना

बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा. एअरबॅग किंवा बेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेच्या वेळी बेल्ट आवळणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत त्यानंतर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. त्या यंत्रणेत साठलेला विद्युतभार उतरायला वेळ लागतो. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. ते सुटे असताना इग्निशन चालू केलं तर डॅशवरचा एअरबॅगचा दिवा लागतो आणि बऱ्याच गाड्यांत तो स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. म्हणून काम संपेपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही.

सीट, मधला कन्सोल, दारांच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्या, गिअर आणि ट्रान्सफर लिव्हरचे बूट (बुडाची लवचिक आवरणं), आणि शेवटी बेल्टचे खालचे बोल्ट, या क्रमानं काढा. प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. सीटचे पुढचे-मागचे बोल्ट कित्येकदा वेगवेगळ्या लांबीचे असतात. जुनं फ्लोअरिंग फाटलेलं असलं तरी टाकू नका. नवं कापताना तेच फर्मा म्हणून लागतं.

पत्रा: इथं घाई नको

फ्लोअर उघडं पडलं की आधी पाण्याचा माग काढा. एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपानं खालून वर पाणी मारत जायचं: आधी उंबरा, मग दाराची चौकट, मग काचेची चौकट. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडेच दिसतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. फायरवॉलमधून वायरिंग जाते तिथली ग्रोमेट (भोकाभोवतीची रबरी कडी) नीट बघा. एसी असलेल्या गाडीत ड्रेनची नळी तुंबली की पाणी बाहेर न पडता आतल्या फ्लोअरवर उतरतं. ओल चिकट आणि गोडसर वासाची असेल, तर हीटरमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गळतंय. गळती बंद केल्याशिवाय पुढचं काम करण्यात अर्थ नाही.

मग गंज. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं फ्लोअर ठोकत जा. चांगला पत्रा टणक वाजतो, खाल्लेला बद्द. सांधे, सीटच्या पायांभोवतालचा भाग, पायाखालचे खोलगट कोपरे या नेहमीच्या जागा. वरवरचा गंज तारेच्या ब्रशनं चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा, खड्ड्यांत उरलेल्यावर रस्ट कन्व्हर्टर (गंज निष्क्रिय करणारं रसायन) लावा, पूर्ण वाळू द्या, मग इपॉक्सी प्रायमर आणि रंग. उघडे सांधे सीम सीलरनं भरा. पत्रा आरपार गेला असेल तर वेल्डिंग करूनच घ्या. वेल्डिंगआधी खालून ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या कुठून जातात ते पाहा. लांबी (पुट्टी) भरून किंवा ब्यूटाइलची शीट चिकटवून भोक लपवलं, तर ते खालून वाढत राहतं. सीटच्या किंवा बेल्टच्या आधाराजवळ असं करणं थेट जिवाशी खेळ आहे.

रंग मारताना अर्थिंगचे बोल्ट झाकून ठेवा. त्यावर प्रायमर गेला की दिवे मंद होणं, काटे नाचणं असले प्रकार सुरू होतात, आणि कारण शोधायला पुन्हा सगळं उघडावं लागतं.

कंपनीनं लावलेले डांबरी पट्टे घट्ट बसले असतील तर राहू द्या. कडा सुटल्या असतील तर मात्र खरवडून काढा, कारण त्यांच्याखाली पाणी गेलेलंच असतं.

ब्यूटाइल लावणं

पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पांढरा फडका पांढराच राहीपर्यंत पुसत राहायचं. रंग पूर्ण वाळलेला हवा. पत्रा आणि शीट दोन्ही कोमट असावेत, 20 अंशांच्या वर. गारठ्यात हीट गननं पत्रा हलका तापवा. हातमोजे घाला, ॲल्युमिनियमची कड ब्लेडसारखी कापते.

बोटाच्या पेरानं पत्रा ठोकून पाहा. ‘ढण्ण’ असा घुमणारा आवाज येतो तिथं तुकडा लागतो. फ्लोअरला उभारलेल्या रेघा असतात, त्यांच्यामधले सपाट पट्टे, चाकांच्या कमानी आणि गिअरबॉक्सवरच्या बोगद्याच्या बाजू या जागा आधी घ्या. मोठा तुकडा एकदम पसरू नका. हातभर लांबीचे तुकडे कापा, एका कडेनं कागद सोडवत चिकटवा आणि लहान रोलरनं मध्यापासून बाहेर दाबत जा. आवरणावरची उठावाची नक्षी सपाट झाली की शीट नीट बसली असं समजा. नक्षी शाबूत असेल तिथं खाली हवा आहे. आज हवा असेल तिथं उद्या पाणी येतं. फुगा दिसला तर टोचून दाबा. आता पुन्हा ठोकून पाहा: तोच पत्रा ‘टक्’ असा आखूड बोलला पाहिजे.

काही जागा कोऱ्याच ठेवायच्या. फ्लोअरच्या ड्रेनची रबरी बुचं, सगळी बोल्टची भोकं, अर्थिंगच्या जागा, बोगद्यावरची सुटी झाकणं आणि त्यांच्या कडा. वायरिंगवरून शीट कधी चिकटवू नये. सीटचे पाय आणि बेल्टचे बोल्ट जिथं टेकतात तिथं ना ब्यूटाइल, ना फोम, ना व्हायनिल. मऊ थर दाबत जातो, बोल्टचा ताण उतरतो आणि सीट ढिली पडते. अशा जागी पायाच्या आकाराहून थोडं मोठं भोक कापून धातूला धातू टेकू द्या.

दारांचा विषय थोडक्यात: बाहेरच्या पत्र्याच्या मध्यावर एक-दोन तुकडे पुरतात. काच खाली येण्याची वाट मोकळी ठेवा आणि दाराच्या तळाची भोकं बुजवू नका, काचेवरून आत गेलेलं पाणी तिथूनच निघतं.

फोम आणि मास लोडेड व्हायनिल

हे दोन्ही फ्लोअरवर चिकटवायचे नाहीत. डावा, उजवा, बोगदा आणि मागचा असे स्वतंत्र तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात फोम आणि व्हायनिल एकमेकांना कॉन्टॅक्ट ॲडेसिव्हनं जोडा आणि तो गालिच्यासारखा नुसता टाका. भिजल्यावर अर्ध्या तासात बाहेर निघतो. सांध्यावर व्हायनिलची 3 ते 5 सेंमी जीभ शेजारच्या तुकड्यावर जाऊ द्या आणि ती वेल्क्रोनं धरा. फटी जितक्या कमी, तितकं चांगलं. आवाज पाण्यासारखा आहे, बोटभर फटीतूनही बराच आत येतो. उभ्या फायरवॉलवर मात्र उष्णता सोसणारं ॲडेसिव्ह लागतं, आणि एक्झॉस्ट जवळून जात असेल तिथं बाहेरच्या बाजूनं हीट शील्ड आहे का ते आधी पाहा.

जाडीचा हिशेब इथंच चुकतो. 2 मिमी ब्यूटाइल, 6 मिमी फोम, जवळपास 3 मिमी व्हायनिल, वर फ्लोअरिंग, म्हणजे दीड सेंमीपर्यंत चढतं. उंबऱ्याच्या पट्टीखाली एवढं मावत नाही, क्लिपा तुटतात. तिथं फोम आणि व्हायनिल 2 ते 3 सेंमी अलीकडेच थांबवा. पेडलच्या मागं तर डोळ्यांत तेल घालून बघा. ॲक्सिलरेटर, ब्रेक आणि क्लच हातानं पूर्ण दाबून पाहा. कुठलंही पेडल थरावर टेकत असेल तर तिथला फोम काढून टाका, थोडा आवाज आला तरी चालेल.

वरचं फ्लोअरिंग

साच्यातलं रबर किंवा व्हायनिल या गाड्यांना कार्पेटपेक्षा बरं, कारण ते पुसता येतं. घेताना पाठ बघा. मागं ताग किंवा नमदा चिकटवलेला असेल तर तो सोलून काढा. गुंडाळी होऊन आलेलं फ्लोअरिंग दोन तास उन्हात पसरा, नाहीतर सुरकुत्या बसतात आणि कापलेलं माप बदलतं.

आधी बोगद्यावर बसवा, मग दोन्ही बाजूंना हातानं दाबत कोपऱ्यांत उतरवा. कडा सुरुवातीला 3 सेंमी जास्तीच ठेवा. गिअर लिव्हरसाठी मध्ये लहान फुली कापा आणि थोडी थोडी वाढवत न्या. बोल्टची भोकं वरून अंदाजानं पाडू नका. गाडीच्या खालून भोकातून दाभण वर घालून खूण करा. खालून हात पोचत नसेल तर जुनं फ्लोअरिंग वर पसरून खडूनं खुणा घ्या. भोक पंचनं पाडा. कार्पेट असेल तर ड्रिल लावूच नका, धागा बिटाला गुंडाळला की ओळच्या ओळ उसवते. तापलेल्या सोल्डरिंग इस्त्रीच्या टोकानं भोक पाडलं की कडाही वितळून बसतात. कडा सगळ्यात शेवटी, उंबऱ्याच्या पट्ट्या लावून बघितल्यावर कापा.

सीट परत ठेवताना सगळे बोल्ट आधी हातानं तीन-चार आटे फिरवा आणि मगच पाना लावा. एक बोल्ट आधीच आवळला तर बाकीचे तिरके जातात आणि आटे मरतात. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनं (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं), मॅन्युअलमधल्या आकड्यावर. सीट आणि बेल्टच्या बाबतीत अंदाज चालत नाही. सगळे कनेक्टर जोडल्यावरच बॅटरी लावा. सीट पुढं-मागं सरकवून बघा, बेल्ट झटक्यानं ओढून बघा.

पाण्यातून पहिल्यांदा जाऊन आलात की त्याच दिवशी चालकाच्या बाजूचा तुकडा उचला. ब्यूटाइलच्या कडेवरून बोट फिरवा, बुचं काढून पाणी जाऊ द्या, फोमची खालची बाजू पुसा आणि दारं उघडी ठेवून पत्रा हाताला कोरडा लागल्यावरच सगळं परत घाला.