कॅम्परव्हॅन घेऊन नाशिकला परत येताय? शेवटच्या घाटाचं आधी बघा

निघताना सगळे गाडी चेक करतात, सर्व्हिसिंग, टायर, नारळ, लिंबू सगळं होतं. परत येताना कोणी काही बघत नाही कारण डोक्यात फक्त घर असतं. आणि आपल्या नाशिकचं असं आहे की मुंबई किंवा गुजरातकडून या, सह्याद्री चढल्याशिवाय घर नाही, म्हणजे ब्रेक पॅड झिजलेले, ड्रायव्हर दमलेला आणि गाडीत रजया-फरसाण-लोणच्याच्या बरण्या कोंबलेल्या, नेमका तेव्हाच घाट येतो. म्हणून शेवटचा मुक्काम घाटाच्या अलीकडे करा आणि घाट सकाळी उजेडात घ्या. "आता शंभर किलोमीटर तर राहिलंय, रात्रीच मारू" असं जो म्हणेल त्याच्याकडून चावी काढून घ्या, मग तो तुमचा सासरा का असेना.

रस्ता कुठला ते आधी ठरवा. मुंबईकडून येत असाल तर कसारा. घाट रुंद आहे, पण ट्रकमागे रखडायची तयारी ठेवा. नाहीतर सरळ भिवंडीजवळच्या आमणेवरून समृद्धी महामार्ग पकडा, जून 2025 पासून इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किमीचा टप्पा सुरू झालाय, त्यात जवळपास 8 किमीचा बोगदा आहे आणि कसाऱ्याची वळणं लागतच नाहीत. उंच, जड गाडीला मी तरी हाच रस्ता सांगेन, टोल जातो तर जाऊ द्या. पुण्याकडून आलात तर चंदनापुरी घाटात संगमनेरकडे उतार आहे आणि सिन्नर सोडल्यावर मोहदरीचा, हा छोटाय म्हणून लोक निवांत सोडतात गाडी, तसं करू नका. धुळे-मालेगावकडून राहुड घाट चढायचा, त्यात फार काही नाही.

राजस्थान-गुजरात करून येणारे बरेच जण वघईवरून सापुतारा घेतात. रस्ता सुंदर, पण व्हॅनची खरी परीक्षा इथेच. पावसाळ्यात धुकं आणि दरडी असतात, तेव्हा तर दुपारनंतर चढूच नका. वर पोचल्यावर हातगडच्या बाजूने उतरा, मग वणी, दिंडोरी करत घर.

आता आदल्या संध्याकाळचं काम. पाण्याची टाकी रिकामी करा, 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो वजन, ते घाटावर कशाला ओढायचं, घरी नळ आहे ना. पिण्यापुरतं ठेवा. बेसिन-बाथरूमच्या सांडपाण्याची टाकीपण मुक्कामाच्या जागी विचारून गटारात सोडा, घाटात रस्त्याकडेला सोडणारे बघितलेत, त्यांना काय बोलावं. गॅस सिलिंडरचा नॉब बंद, रेग्युलेटर काढून ठेवलेला. जड सामान खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे घ्या, वरच्या कपाटात फक्त कपडे, कारण वळणावर गाडी झुकते ती वरच्या वजनामुळेच. ब्रेक ऑइलची लेव्हल, कूलंट, टायरमधली हवा हे सगळं सकाळी इंजिन थंड असताना बघायचं.

चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर आधी एसी बंद, तरी नाही उतरला तर हीटर फुल करा, घाम निघेल पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. गरम रेडिएटरचं झाकण उघडायला जाऊ नका. एकेरी अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियमच आहे, समोरच्याला तो माहीत असेलच असं मात्र धरून चालू नका. व्हॅनचा मागचा भाग चाकांच्या बराच बाहेर असतो, तीव्र वळणावर शेपूट बाहेर फेकली जाते, आरसा बघा आणि आंधळ्या वळणावर हॉर्न द्या.

उतरताना ज्या गिअरमधे तो घाट चढला असता त्याच गिअरमधे उतरायचं. ब्रेकवर सतत पाय ठेवून घसटत आणलं की पॅड तापतात, ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्याने हवेतली ओल ओढलेली असते, ते लवकर उकळतं आणि पेडल मऊ पडतं. त्यापेक्षा थोडा वेळ नीट दाबा, वेग कमी करा, सोडा, पुन्हा दाबा. न्यूट्रल नाही, इंजिन बंद तर अजिबात नाही, डिझेल वाचवायची ही जागा नव्हे. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा, गाडी गिअरमधे ठेवा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास चहा प्या, गरम डिस्कवर पाणी ओतू नका. आणि हो, निघताना दगड बाजूला टाका, रात्री दुचाकीवाला त्याच्यावर आपटतो.

घरी पोचल्यावर सोसायटीच्या गेटची कमान आणि केबल खाली उतरून बघून घ्या, वरचं एसीचं युनिट तिथेच अडकतं. फ्रिज पुसून दार थोडं उघडं ठेवा नाहीतर बुरशी धरते, टाक्यांचे नळ उघडे ठेवून पाणी पूर्ण निथळू द्या, आणि व्हॅन महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ब्रेक पॅड मात्र त्याच आठवड्यात मेकॅनिकला दाखवा.