जखमी बेडकाला हळद लावू नका

मी गुरांचा डॉक्टर. पण पावसाळा लागला की नाशिकजवळच्या मखमलाबादकडच्या द्राक्षबागांतून फोन येणारच: "डॉक्टर, बेडकाला फावडं लागलं, हळद दाबलीय, पुढं काय?"

पुढं ती हळद धुवायची. बेडूक कातडीनं श्वास घेतो, पाणीही कातडीनंच पितो. स्पिरिट, डेटॉल, बाम, बधिर करायचं मलम, लावाल ते सरळ अंगात जातं. नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून रात्रभर उघड्या बादलीत ठेवलेलं पाणी घ्या. हात ओले हवेत, साबणाचे नकोत. मग झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ओलं फडकं घालून बेडूक सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये मुळीच नको. गारठून हालचाल थांबते, दुखणं थांबलं असं त्यावरून म्हणता येत नाही.

ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, हे डोक्यातून काढा. दुखरा बेडूक खात नाही, अंग आखडून बसतो, मागच्या पायानं ती जागा पुसत राहतो. प्रयोगशाळेत याच पुसण्यावर माप घेतात: मांडीवर ॲसिटिक आम्लाचे चढत्या तीव्रतेचे थेंब टाकायचे आणि कुठल्या थेंबाला तो पुसतो ते बघायचं. मॉर्फिन दिलं की जास्त तीव्र थेंबही तो सोसतो. त्याला आपल्यासारखंच दुखतं का, यावर वाद घालणारे घालोत. मी दुखतं असं धरूनच चालतो.

म्हणून घरातली क्रोसिन चुरून पाजायची का? अजिबात नाही. मेलॉक्सिकॅम किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही दुखणं थांबवणारी औषधं डॉक्टरनंच, बेडकाचं ग्रॅममध्ये वजन करून द्यायची. त्यासाठी मी सराफ बाजारातून छोटा काटा आणलाय. मॉर्फिनसारखी औषधं तर किलोमागे गाई-कुत्र्यांपेक्षा बेडकाला बरीच जास्त लागतात, त्यामुळं अंदाजपंचे काम नाही. (उलट इक्वेडोरच्या एका बेडकाच्या कातडीतच दुखणं मारण्यात मॉर्फिनपेक्षा कैक पट जालीम असं एपिबॅटिडिन सापडलं; इतकं विषारी की त्याचं औषध झालं नाही.)

टाके घालायचे तर बेडकाला ट्रायकेन या भुलीच्या औषधाच्या पाण्यात ठेवतो. ते पाणी आम्लधर्मी असतं, खायचा सोडा घालून आधी आम्ल मारावं लागतं, नाहीतर कातडी भाजते. उताणा केल्यावर पालथा होत नाही, पाय चिमटला तरी ओढत नाही, तेव्हाच सुई लावायची. नंतर साध्या पाण्यानं धूत राहिलं की शुद्धीवर येतो.

पाळायला मात्र ठेवू नका. वन विभागाचा १९२६ नंबर फिरवा.